बाईचं दप्तर

जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयाच्या बागेत एक भलामोठा तंबू उभा राहिला. त्याचा आकार देवीच्या देहाचा होता. लोक तिच्या पोटात शिरल्यासारखे आत जात. आत दिओर कंपनीचा फॅशन शो होता आणि भोवतीच्या भरजरी पताकांवर प्रश्न भरलेले होते. जगावर बायकांचं राज्य असतं तर? देव बाई असता का? हिंसा असती का? प्रश्न विचारणारी होती ऐंशी वर्षांची अमेरिकन चित्रकार ज्यूडी शिकागो. आणि त्या पताकांवरचं भरतकाम झालं होतं मुंबईत, चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमध्ये शिकणाऱ्या बायकांच्या हातून.

कल्पना एकीची, टाके अनेकींचे. शिकागोच्या कारकिर्दीचा निम्मा वाद या चार शब्दांत आहे. तो वाद मिटवायचा तर आधी विचारावं लागतं की कुणी काय केलं याचे कागद कुठे आहेत? शिकागोच्या बाबतीत ते आहेत, आणि भरपूर आहेत.

आपल्याला कागदांचं महत्त्व कुणी सांगायला नको. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल सोडून इतिहास लिहिण्याची आपली परंपरा आहे. वाड्यांच्या माळ्यांवरचे कागद वाण्याच्या पुड्यांना जाण्याआधी मिळावेत म्हणून इतिहासकार राजवाड्यांनी केलेली पायपीट आपण शाळेत ऐकतो. पण त्या रुमालांत जमाखर्च, सनदा, लढाया आणि वतनांचे तंटे बांधलेले असतात. बाईने स्वतःसाठी काही लिहिलं, काढलं, जमवलं आणि कुणी ते रुमालात बांधून ठेवलं, असं क्वचितच दिसतं. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापलं गेलं आणि जवळजवळ शतकभर कुणाच्या गावीही नव्हतं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा लोकांना कळलं की अशी एक बाई होऊन गेली. त्याच १९७५ साली अमेरिकेत शिकागोचं ‘थ्रू द फ्लॉवर’ हे आत्मकथन आलं. छत्तिसाव्या वर्षी आत्मचरित्र लिहिणं काहींना उतावळेपणाचं वाटलं. मला तो उतावळेपणा वाटत नाही. आपलं आपण लिहून ठेवलं नाही तर शंभर वर्षं मालशांची वाट बघत बसावं लागेल, हे तिला तेव्हाच कळलेलं असावं.

तिचा जन्म २० जुलै १९३९ चा, शिकागो शहरातला. मूळ नाव ज्युडिथ कोहेन. वडील मार्क्सवादी, कामगार चळवळीतले. ते १९५३ मध्ये गेले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात तिने चित्र-शिल्पकलेचं शिक्षण घेतलं, १९६४ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. त्याच्या आदल्याच वर्षी पहिला नवरा मोटार अपघातात गेला होता. पुढे ती गाड्यांचे पत्रे रंगवायला शिकवणाऱ्या शाळेत दाखल झाली, तिच्याच सांगण्याप्रमाणे अडीचशे पुरुषांत एकटी बाई. तिथे शिकलेल्या फवाऱ्याने रंगवलेलं एका मोटारीचं बॉनेट आज स्टॉकहोमच्या मॉडेर्ना म्युझेटमध्ये आहे.

नावाची गोष्ट तर ऐकण्यासारखीच. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायची रीत आहे. एका बोटाच्या हालचालीत जुनं नाव पुसलं जातं. शिकागोने उलटं केलं. वडिलांचं आणि नवऱ्याचं, दोन्ही आडनावं टाकून तिने जन्मगावाचं नाव घेतलं. तिच्या बोलण्यातला त्या गावचा हेल ऐकून एका गॅलरीवाल्याने ते टोपणनाव आधीच पाडलं होतं. १९७० मध्ये ‘आर्टफोरम’ मासिकात जाहिरात देऊन तिने हा बदल कळवला. पाठोपाठ त्याच मासिकात मुष्टियुद्धाच्या रिंगणात हातमोजे घालून उभी असलेली तिची छबी आली. इतिहासकार आज जिला ‘पुरावा’ म्हणतात ती गोष्ट तिने छापून, तारखेसह, स्वतः तयार करून ठेवली.

पण साठच्या दशकातलं तिचं काम बराच काळ हिशेबातच धरलं गेलं नाही. ‘रेनबो पिकेट’ हे सहा रंगीत तिरप्या खांबांचं शिल्प १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममधल्या ‘प्रायमरी स्ट्रक्चर्स’ या गाजलेल्या प्रदर्शनात होतं. मिनिमलिझमच्या इतिहासात ते प्रदर्शन मैलाचा दगड मानतात, पण त्यातली शिकागो कुणाच्या लक्षात राहिली नाही. मूळ शिल्पही टिकलं नाही. आज दिसतं ते २००४ मध्ये पुन्हा घडवलेलं. मग २०११-१२ च्या सुमारास गेटी संस्थेच्या पुढाकाराने दक्षिण कॅलिफोर्नियाच्या युद्धोत्तर कलेची मोठी उजळणी झाली, आणि ‘द डिनर पार्टी’मुळे ‘योनीची ताटं करणारी बाई’ एवढीच ओळख असलेल्या कलावंताच्या मागे एक पक्की, काटेकोर अमूर्त शिल्पकार उभी होती हे समीक्षकांना नव्याने दिसलं. ही उजळणी कागदांमुळेच शक्य झाली. वस्तू गेली तरी मापं, रेखाटनं, फोटो असले की ती परत उभी करता येते.

आता शिकवण्याबद्दल. १९७० मध्ये फ्रेझ्नोच्या सरकारी महाविद्यालयात तिने पंधरा मुलींना घेऊन अमेरिकेतला पहिला स्त्रीवादी कला-अभ्यासक्रम सुरू केला. पुढच्या वर्षी मिरियम शापिरोसोबत तो कॅलआर्ट्स या संस्थेत नेला. तिथल्या विद्यार्थिनींनी हॉलिवूडमधला एक पडीक बंगला ताब्यात घेतला, खिडक्यांना काचा बसवल्या, भिंती रंगवल्या आणि १९७२ च्या जानेवारीअखेरीपासून फेब्रुवारीअखेरीपर्यंत तो ‘वुमनहाऊस’ म्हणून लोकांना खुला केला. सतरा खोल्या, आणि प्रत्येक खोलीत बाईच्या आयुष्यातलं काहीतरी जे चित्रात यायचं नसतं. शिकागोने स्वतः केलेली न्हाणी पांढरीशुभ्र होती. फळीवर पॅडची खोकी ओळीने मांडलेली, आणि खाली वापरलेल्या पॅडनी ओसंडणारी कचऱ्याची टोपली. आपल्याकडे ज्याला ‘कावळा शिवला’ म्हणून वर्षानुवर्षं टाळलं ते तिने न्हाणीत मांडून ठेवलं. महिन्याभरात सुमारे दहा हजार माणसं येऊन गेली. नंतर बंगला पाडला गेला. त्या खोल्या उरल्या त्या फोटोंत, एका माहितीपटात आणि विद्यार्थिनींच्या वह्यांत. अशा कामाचं काय उरणार ते वह्या कुणी जपल्या यावर ठरतं. २०११ मध्ये शिकवण्याविषयीचा हा सगळा ऐवज पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाकडे गेला आणि तिथे तो अभ्यासक्रमात वापरला जातो. नुसता बांधून ठेवलेला नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

‘द डिनर पार्टी’पाशी मात्र थांबायलाच हवं, कारण ती कलाकृतीच एक दप्तर आहे. १९७४ ते १९७९ अशी पाच वर्षं तिचं काम चाललं. समभुज त्रिकोणी टेबल, प्रत्येक बाजू ४८ फुटांची. एकेका बाजूला १३ पानं मांडलेली, एकूण ३९ स्त्रियांची. येशूच्या शेवटच्या भोजनाला पंगतीत तेरा पुरुष होते, इथे तेरा-तेराच्या तीन पंगती बायकांच्या. प्रत्येकीसाठी चिनी मातीचं रंगवलेलं, बहुतेकींच्या बाबतीत योनीचं रूप असलेलं ताट आणि खाली तिच्या काळातल्या भरतकामाच्या रीतीने केलेला पट्टा. टेबलाखालची जमीन पांढऱ्या टाइल्सची, दोन हजारांहून जास्त, आणि त्यांवर सोनेरी अक्षरांत आणखी ९९९ बायकांची नावं. ती नावं आकाशातून पडली नाहीत. डायअ‍ॅन गेलनसारख्या सहकारी आणि संशोधकांचा एक गट ग्रंथालयांत बसून टिपणं काढत होता. सुमारे तीन हजार नावांची यादी झाली, त्यातून ९९९ निवडली. संगणक नव्हता, पोर्टल नव्हतं. जुन्या चरित्रकोशांत तळटिपेत पडलेल्या बायका शोधून त्यांची एकेक नोंद करायची. राजवाड्यांचं काम, पण सांता मोनिकाच्या स्टुडिओत, आणि सोबत दर गुरुवारी आपापला डबा आणून रंगणाऱ्या चर्चांची पंगत.

पंगतीत चौथ्या पानावर बसलेली आहे आपली काली. भारताला टेबलावर मिळालेली ही एकच जागा आणि तीही देवीची. युरोप-अमेरिकेच्या वाट्याला राण्या, डॉक्टर, कवयित्री, शास्त्रज्ञ आल्या. भारताच्या वाट्याला मात्र पुराण. ही कागाळी नाही. सत्तरच्या दशकातल्या कॅलिफोर्नियाच्या ग्रंथालयात भारतीय बाईचं काय होतं, एवढंच त्यातून कळतं. नाही म्हणायला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींचे कागद होते. त्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने जपलेला तो ऐवज आज ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. पण ते शोधायला आधी त्या नावाची कुणाला तरी चाहूल लागायला हवी.

एक ताट जवळून पाहू. एमिली डिकिन्सनचं. ही कवयित्री घराबाहेर फारशी न पडणारी, हयातीत जिच्या मोजक्याच कविता छापल्या गेल्या. तिच्या ताटात फिकट गुलाबी रंगाच्या लेसचे थर उभे आहेत, इतके नाजूक की हात लावला तर दुमडतील असं वाटतं. पण ती लेस कापडाची नाही. खरी लेस पातळ चिनी मातीत बुडवून भट्टीत घातली. आत धागा जळून गेला आणि धाग्याचा आकार मातीत कडक होऊन राहिला. अशी कितीतरी ताटं भट्टीत तडकली, पुन्हा केली, पुन्हा तडकली. शेवटच्या पंगतीतली ताटं टेबलावरून वर उठू पाहणारी, उंच उठावाची असल्याने तर फारच.

१४ मार्च १९७९ ला ‘द डिनर पार्टी’ सॅन फ्रान्सिस्कोत उघडली आणि तीन महिन्यांत लाखभर लोकांनी पाहिली. पण पुढची संग्रहालयं एकामागून एक मागे हटली. टेबल खोक्यांत गेलं. मग ठिकठिकाणच्या बायकांनी पैसे जमवून, कधी शाळेत, कधी गोदामात ते मांडलं. सहा देश आणि दहा लाखांवर प्रेक्षक. मोठ्या समीक्षकांचं मत वेगळंच होतं. न्यूयॉर्क टाइम्समध्ये हिल्टन क्रेमर यांनी १९८० साली त्याची पार सालटी काढली. ल्यूसी लिपर्ड यांनी त्याच वर्षी बाजू घेऊन लिहिलं. १९९० मध्ये तर कहर झाला. ते टेबल वॉशिंग्टनच्या एका सरकारी विद्यापीठाला भेट द्यायचं ठरलं, तर अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात त्यावर सुमारे दीड तास भाषणं झडली. एका प्रतिनिधीने त्याला मातीतली त्रिमितीय अश्लीलता म्हटलं आणि विद्यापीठाच्या निधीतून १६ लाख डॉलर कापायचा ठराव झाला. शिकागोने भेट मागे घेतली. २००२ मध्ये एलिझाबेथ सॅक्लर फाउंडेशनने ते ब्रुकलिन म्युझियमला दिलं आणि २००७ पासून तिथल्या स्त्रीवादी कलेच्या दालनात ते कायमचं मांडलेलं आहे. पहिल्या प्रदर्शनापासून मोजलं तर २८ वर्षं.

या अठ्ठावीस वर्षांतच तिच्या कागदांची व्यवस्था लागायला सुरुवात झाली, हे लक्षात घ्यायला हवं. कागद १९९६ पासून हार्वर्डच्या रॅडक्लिफमधल्या श्लेसिंजर ग्रंथालयात जायला लागले, म्हणजे टेबलाला घर मिळण्याच्या आधीच. ते ग्रंथालय उभं राहिलं १९४३ मध्ये मताधिकार चळवळीतल्या मॉड वुड पार्क यांनी दिलेल्या कागदांवर. शेजारी स्वयंपाकाची पुस्तकं लिहिणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांचे कागद आहेत, आणि आता अँजेला डेव्हिस यांचेही. म्हणजे शिकागोने आपला पत्रव्यवहार कलेच्या दप्तरात न ठेवता बायकांच्या दप्तरात ठेवला. हा निर्णय कलेचे इतिहासकार सहसा दोन ओळींत उरकतात. मला तो तिच्या कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा ठाम वाटतो. दृश्य सामग्री, म्हणजे फोटो, स्लाइड, कॅटलॉग, वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ विमेन इन द आर्ट्सकडे गेली. शिकवण्याचं पेन स्टेटकडे, फटाके आणि धूर उडवून केलेल्या, क्षणात विरणाऱ्या कामांचं नेवाडातल्या संग्रहालयाकडे. २०१९ मध्ये यांतल्या मुख्य संग्रहांना जोडणारं एक संशोधन पोर्टलही सुरू झालं. अंडी एकाच टोपलीत न ठेवण्याचा हा शहाणपणा एकदा खोक्यांत बंद पडलेल्या बाईलाच सुचू शकतो.

कागद जमवणारी व्यक्ती स्वतःची मूर्ती घडवत असते, हा आक्षेप खरा आहे. जिवंतपणी कोणती पत्रं द्यायची, काय बंद ठेवायचं, कुणाला परवानगी द्यायची, हे सगळं तिच्या हातात होतं. गेल लेव्हिन यांचं २००७ चं चरित्र तिच्या खासगी नोंदवह्या पाहून लिहिलेलं. आणि हा फायदा जितका तितकाच धोका. पण दप्तराची एक खोड असते. ते मालकाचं पूर्ण ऐकत नाही. ‘डिनर पार्टी’वर चारशेच्या आसपास माणसांनी काम केलं, बहुतेकांनी फुकट. कुणाचं नाव कुठे, कुणी किती तास बसलं, कोण रागावून गेलं, हे सगळं कामाच्या नोंदींत आणि पत्रांत सापडतं. शिकागोने आभाराचे फलक प्रदर्शनासोबत फिरवले होते, हेही खरं. तरी गुरू-शिष्य, मालक-मजूर आणि मैत्रिणी यांतलं नेमकं कुठलं नातं तिथे होतं, यावर अजून एकमत नाही. जेन गेरहार्ड यांनी २०१३ च्या पुस्तकात या सामग्रीतून प्रकल्पाची वेगळी गोष्ट उभी केली. समीक्षक काय म्हणाले याकडे पाठ फिरवून त्यांनी काम करणाऱ्या आणि रांगेत उभ्या राहिलेल्या सामान्य बायकांकडे पाहिलं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो कागदांनी सुटत नाही. अ‍ॅलिस वॉकर यांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं की जवळजवळ सगळ्या गोऱ्या बायकांच्या ताटांत योनीचं रूप आहे, आणि पंगतीतल्या एकमेव काळ्या अमेरिकन बाईच्या, सोजर्नर ट्रूथच्या ताटात मात्र चेहरे आहेत. काळ्या बाईला देह आहे हे मान्य करायचं धाडस झालं नाही का? यावर शिकागोची बाजू घेणारे बरंच बोलले आहेत. मला कुणाचंच पटलेलं नाही. बाईपणाचं मूळ शरीरात शोधणारी ही सगळी प्रतिमासृष्टी ऐंशीच्या दशकात तरुण स्त्रीवाद्यांना नकोशी झाली, तीही रास्त कारणांसाठी. १९९६ मध्ये अमेलिया जोन्स यांनी लॉस एंजेलिसच्या हॅमर संग्रहालयात ‘डिनर पार्टी’भोवतीच एक प्रदर्शन रचून हा सगळा वाद टेबलावर मांडला. तो वाद अजूनही बुजलेला नाही.

मधल्या कामांवरून मी पटकन पुढे जातो. ‘बर्थ प्रोजेक्ट’ (१९८०-८५) मध्ये दीडशेच्या आसपास भरतकाम करणाऱ्यांनी घरी बसून बाळंतपणाची चित्रं विणली, भरली. पाश्चात्त्य कलेत बाळंतपणाची चित्रं शोधली तर फारशी मिळत नाहीत, म्हणून. नवरा, छायाचित्रकार डोनाल्ड वुडमन, याच्यासोबत आठ वर्षं केलेला ‘होलोकॉस्ट प्रोजेक्ट’ मला जड वाटतो. विषय एवढा मोठा की चित्र त्याच्याखाली दबतं. त्यापेक्षा ‘डिनर पार्टी’च्या प्रवासात सुरू झालेली गोधडी बघा. १९८० पासून लोकांनी आपल्या आवडत्या बाईच्या नावाने दोन-दोन फुटांचे त्रिकोणी तुकडे शिवून पाठवले. पाचशेहून जास्त जमले. आज्या, मावश्या, शिक्षिका. ज्यांना टेबलावर जागा मिळाली नाही त्यांनी आपली जागा स्वतःच शिवून घेतली. आता ते तुकडे केंटकीतल्या लुइव्हिल विद्यापीठात आहेत. जुन्या लुगड्यांची गोधडी जिच्या अंगावर असते तिला हे समजावून सांगावं लागत नाही.

याच आरशात आपल्याकडे पाहिलं की वाईट वाटतं, पण थोडंच. अमृता शेरगिल हंगेरीत असताना घरी ठेवलेली तिची पत्रं आईवडिलांनी जाळली, आणि तिने त्याबद्दल नाराजी कळवली. जी वाचली ती २०१० मध्ये भाचा विवान सुंदरम यांनी दोन खंडांत काढली. किहीमला १९९० मध्ये वारलेल्या नसरीन मोहम्मदी यांनी चित्रांना शीर्षक दिलं नाही, तारीख घातली नाही. मागे रोजनिश्या ठेवल्या. १९९२ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत नलिनी मलानी यांनी भिंतींवर चित्रं काढली आणि पंधरा दिवसांनी पुसून टाकली. उरला तो व्हिडिओ. रुमाना हुसेन यांचं १९९५ चं एनसीपीएमधलं सादरीकरण, पायात घुंगरू, हातात चिरलेली पपई, तोंड उघडं पण आवाज नाही, तेही आज फोटोंतूनच भेटतं. शिकागोच्या धुराच्या कामांसारखंच. काही जपलंही गेलंय. नीलिमा शेख यांचे कागद हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने डिजिटल केले. दहिसरला ‘स्पॅरो’ आहे. सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी १९८८ मध्ये सुरू केलेलं हे बायकांच्या आवाजांचं आणि चित्रांचं दप्तर मुंबईकरांनाही फारसं माहीत नसतं. आणि अंबिका धुरंधर यांनी ‘माझी स्मरणचित्रे’ लिहून ठेवलं म्हणून जे. जे.च्या वर्गात एकटीदुकटी मुलगी कशी शिकत होती ते आपल्याला ठाऊक आहे. नाहीतर त्या रावबहादुर धुरंधरांच्या कन्या एवढ्याच उरल्या असत्या.

शिकागो न्यू मेक्सिकोतल्या बेलेन या छोट्या गावात एका जुन्या हॉटेलात राहते. तिथेच तिचा स्टुडिओ. ‘रेव्हिलेशन्स’ हे सत्तरच्या दशकात लिहिलेलं तिचं हस्तलिखित जवळपास अर्धशतकाने, २०२४ मध्ये लंडनच्या सर्पेंटाइनने पुस्तकरूपात आणलं. हार्वर्डने पत्रं घेतली, ब्रुकलिनने टेबल घेतलं, न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियमने २०२३ मध्ये मजल्यांवर मजले दिले. पण बेलेनमध्ये गावाच्या मदतीने तिच्या कलेचं छोटं संग्रहालय करायचं ठरलं, तर काही धार्मिक मंडळींनी विरोध केला. कारण तेच. ताटं. तिने तो प्रस्ताव मागे घेतला आणि जुलै २०१९ मध्ये, ऐंशी पूर्ण होताना, तिच्या संस्थेने हॉटेलसमोरच्या इमारतीत आपल्या खर्चाने दालन उघडलं.